महदाइसेचे धवळे

जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत घरोघरी पत्त्यांचा एक खेळ मांडला जातो. एकजण कविता वाचू लागतो आणि भोवती बसलेली मंडळी जमिनीवर पसरलेल्या पत्त्यांतून त्याच कवितेच्या अखेरच्या दोन चरणांचा पत्ता शोधतात. ज्याच्या कानाने आरंभीचे शब्द प्रथम ओळखले, त्याचा हात प्रथम पोहोचतो. या खेळातील शंभर कविता शंभर निरनिराळ्या कवींच्या आहेत. फुजिवारा तेइका नावाच्या कवीने इ. स. १२३५ च्या सुमारास त्या निवडल्या. वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण त्या शंभर कवींमध्ये एकवीस स्त्रिया आहेत, आणि त्यांतील बहुतेक जणी राजवाड्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या होत्या.

त्यांपैकी एकीचे नाव इझुमि शिकिबु. ती सुमारे इ. स. ९७६ मध्ये जन्मली. तिचा पती इझुमि प्रांताचा अधिकारी होता. पुढे ती दोन राजपुत्रांच्या सहवासात आली, दोघांच्याही मृत्यूचे दुःख तिने पाहिले आणि नंतर सम्राज्ञी शोशी हिच्या परिवारात तिचा समावेश झाला. उतारवयाकडे झुकत असता तिची कवयित्री असलेली कन्याही तिच्याआधी गेली. एकतीस अक्षरांच्या इवल्या छंदात या बाईने जे लिहिले, ते हजार वर्षांनंतरही जपानी माणसाच्या ओठावर आहे. तिचे स्वतःचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. 'इझुमि' हा नवऱ्याच्या अधिकारातील प्रांत आणि 'शिकिबु' हे राजदरबारातील एका खात्याचे नाव! त्याच सम्राज्ञीच्या परिवारातील दुसरी विदुषी, 'गेंजीची कथा' लिहिणारी मुरासाकी शिकिबु, हिचीही गत तीच. मुरासाकीने आपल्या रोजनिशीत इझुमिच्या वागणुकीला नावे ठेवली आहेत, पण तिच्या लेखणीची सहजता मान्य केल्यावाचून तिलाही राहवलेले नाही.

या स्त्रियांच्या हाती एवढे मोठे वाङ्मय कसे आले? त्या काळी जपानमध्ये राज्यकारभाराची आणि विद्वत्तेची भाषा चिनी होती. ती पुरुषांनी शिकावयाची. मुरासाकीचा भाऊ चिनी धडे गिरवीत असता ती शेजारी बसून ऐके आणि त्याच्याआधी शिके, तेव्हा ही मुलगा असती तर बरे झाले असते, असे तिच्या वडिलांना वाटे. स्त्रियांसाठी उरली ती घरात बोलली जाणारी जपानी, आणि ती लिहिण्यासाठी चिनी चिन्हांतून घडलेली एक सुटसुटीत, वळणदार लिपी. तिला 'स्त्रीहस्त' असेच नाव पडले होते. विद्वानांनी जी भाषा दुय्यम मानली, तिच्यातच पुढे त्या देशाचे श्रेष्ठ वाङ्मय निर्माण झाले. पुरुषांचे चिनी काव्य आज अभ्यासकांपुरते उरले आहे.

आता आपण आपल्या घराकडे वळू. मराठीतील पहिली कवयित्री कोण, असा प्रश्न केला तर पुष्कळ जण मुक्ताबाईचे नाव घेतील, कोणी जनाबाईचे. दोघीही आपल्या पूजास्थानी आहेतच. तथापि इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच्या तीन-चार वर्षे आधी, मुक्ताबाई अजून लहान बालिका असता, वऱ्हाडात एका वृद्ध स्त्रीने एका लग्नात उभे राहून गाणे म्हटले. ते गाणे आज आपल्याजवळ आहे. त्या स्त्रीचे नाव महदाइसा.

तिच्याही नावाची कथा पाहा. मूळ नाव रूपाई. महानुभाव पंथात ती महदाइसा झाली, आणि मागाहूनच्या ग्रंथांत तिचा उल्लेख महदंबा असा होऊ लागला. सुदैव इतकेच की, ही सारी नावे तिची होती, कोणा अधिकारी पुरुषाच्या खात्याची नव्हेत. विद्वान ब्राह्मण घराण्यात तिचा जन्म झाला. बालपणीच लग्न होऊन बालपणीच वैधव्य आले. तेराव्या शतकातील अशा मुलीपुढे आयुष्यभर काय वाढून ठेवलेले असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. देवगिरीला त्या वेळी यादवांचे राज्य होते, आणि त्यांचा मंत्री हेमाद्री व्रते, दाने, श्राद्धे यांचा संस्कृतमध्ये अवाढव्य ग्रंथ रचीत होता. कोणत्या तिथीस कोणी काय करावे आणि काय करू नये, यांचा तो महासागर होय. विधवेच्या वाट्यास त्यात 'करू नये' हेच अधिक येणार, हे उघड आहे.

रूपाईने परमार्थाची वाट धरली. प्रथम ती रामदेव दादोस यांची शिष्या झाली, आणि त्यांच्यामुळे चक्रधरस्वामींच्या दर्शनास आली. गुजरातेतील भडोचहून आलेल्या या पुरुषाने महाराष्ट्रात पायी हिंडत, मराठीत बोलत, आपला पंथ रुजविला. नागदेवाचार्य हे त्यांचे पट्टशिष्य, आणि ते महदाइसेचे चुलतभाऊ. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार निःशंकपणे दिला. रजस्वला स्त्रीचा विटाळ त्यांनी मानला नाही. देहातून जसे इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही एक, असा त्यांचा रोकडा निवाडा होता. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत हा निवाडा मान्य झालेला नाही.

चक्रधरांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटाने रिद्धपूर येथे सिद्ध केला. मराठी गद्याचा तो पाया मानला जातो. त्यात महदाइसा पानोपानी भेटते, आणि बहुधा प्रश्न विचारताना भेटते. हे असे का? ते तसे का नाही? अमुक स्थान कोणाचे? तमुक शब्दाचा अर्थ काय? म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, अशा आशयाची पावती स्वामींनी स्वतः तिला दिलेली आहे. या पावतीत थोडे कौतुक आहे आणि थोडी थट्टाही आहे. उत्तर मिळाल्यावर तिचे समाधान झाले नाही तर ती पुन्हा विचारीत असे. स्वामींच्या वचनांचा जो मोठा ठेवा मराठीस लाभला, त्याचा बराच भाग अशा प्रश्नांची उत्तरे म्हणून लाभला आहे. उत्तर देणाऱ्याचे नाव ग्रंथावर येते. प्रश्न विचारणारीचे नाव आपण तळटीपेत टाकतो, ते योग्य आहे असे मला वाटत नाही.

या पंथातील भाषेचा प्रश्न जपानमधील त्या 'स्त्रीहस्ता'ची आठवण करून देतो. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यांकडे संस्कृतज्ञ पंडित येऊ लागले आणि संस्कृतात प्रश्न करू लागले. आचार्यांनी त्यांना सांगितले की, तुमचे हे बोलणे मला कळत नाही, मला स्वामींनी मराठीत शिकविले आहे, तेव्हा मराठीतच विचारा. केशिराजासारख्या पंडिताने पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात मांडण्याचे मनात आणले, तेव्हाही आचार्यांनी त्यास आवरले. कारण काय दिले? आपल्या म्हाताऱ्या त्यामुळे वंचित होतील, हे! मोठमोठ्या पंडितांचा विचार बाजूस सारून, ज्यांना संस्कृत येत नाही अशा वृद्ध स्त्रियांसाठी धर्मग्रंथांची भाषा ठरविली गेली, असा दुसरा प्रसंग आपल्या इतिहासात शोधावा लागेल. जपानमध्ये मातृभाषा स्त्रियांकडे आली ती श्रेष्ठ भाषा त्यांना नाकारली गेली म्हणून. इथे एका आचार्याने समजून उमजून त्यांच्या भाषेची निवड केली. हा फरक लहान नव्हे.

त्या म्हाताऱ्यांमध्ये महदाइसा होती.

चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली. हे गाव अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. गोविंदप्रभू हे चक्रधरांचे गुरू. त्यांना 'राऊळ' म्हणत, आणि त्यांच्या निवासस्थानास राजमठ म्हणत. दरबार नव्हता, पण नाव मात्र राजेशाही! या राऊळांचे वागणे लौकिक दृष्टीस वेडगळ वाटे. ते लहान मुलांशी खेळत, कोणाच्याही घरी जेवत, जातीपातीची बंधने त्यांच्या गावी नव्हती. मूर्तीशी हसत, विहिरीत डोकावून बोलत. गावकऱ्यांनी त्यांना वेडा म्हटले आणि देवही म्हटले. अडल्यानडल्या स्त्रिया त्यांच्याकडे माहेरी यावे तशा येत.

या वृद्ध महापुरुषाने एके दिवशी लग्नाचा हट्ट धरला. लहान मूल खेळात लग्न मांडते, तसे. शिष्यांनीही तो खेळ मनोभावे मांडला. लग्न म्हटले की वराची गाणी हवीत. अशा गाण्यांना 'धवळे' म्हणत. विवाहप्रसंगी वराकडे पाहून गावयाची ही मंगल गीते होत. ती गाण्याची आज्ञा राऊळांनी महदाइसेला केली.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. लग्नमंडप ही सुवासिनींची जागा. विधवेने पुढे येऊ नये, हळदीच्या ताटास हात लावू नये, वधूवरांसमोर उभे राहू नये, ही रूढी आपल्या आजींच्या हयातीपर्यंत महाराष्ट्रात पाळली गेली, आणि काही ठिकाणी अजून पाळली जाते. ज्या स्त्रीचे स्वतःचे लग्न तिला कळण्यापूर्वीच सरले, जिने जन्मभर कोणाच्या मंडपात मंगल गीत म्हटले नसेल, त्या वृद्धेला त्या मंडपाच्या मध्यभागी बोलाविले गेले आणि सांगितले गेले की, तू गा. तिने काय गावे? तिने दुसऱ्याचे पाठ केलेले गाणे म्हटले नाही. ती स्वतःच रचू लागली. रुक्मिणीचे लग्न तिने गायिले. त्या वेळी जे तिच्या मुखातून निघाले, तो धवळ्यांचा पूर्वार्ध होय. हा प्रसंग इ. स. १२८६–८७ च्या सुमाराचा मानला जातो. गोविंदप्रभूंच्या पश्चात सहसाधकांच्या आग्रहावरून तिने पुढचा भाग रचला, तो उत्तरार्ध. दोन्ही मिळून सुमारे दीडशे कडवी होतात.

कथानक पुराणातील, सर्वांच्या परिचयाचे. विदर्भाचा राजा भीमक, त्याची कन्या रुक्मिणी. तिने कृष्णाचे गुण ऐकून मनाने त्यास वरले. भाऊ रुक्मी याने मात्र चेदिराज शिशुपालाशी सोयरीक ठरविली. रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस निरोप धाडला, कृष्ण धावून आला, अंबिकेच्या देवळातून तिला रथात घेऊन गेला, आडवा आलेला रुक्मी पराभूत झाला. यात नवे ते काय? नवेपण गाणारीच्या ठिकाणी आहे. भीमकाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. ते अमरावती जिल्ह्यातच येते. रिद्धपूरच्या मंडपात बसलेल्या मंडळींना रुक्मिणी ही देवी होती आणि शेजारच्या गावची लेकही होती. आजही आषाढीस कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते, ती माहेरची पालखी म्हणून. महदाइसेने रुक्मिणी गायिली ती अशी वऱ्हाडची. लग्न दुसऱ्यांनी ठरविलेले, मन दुसरीकडे गुंतलेले, वेळ थोडा, निरोप्या गेला तो परत का आला नाही म्हणून वाटेकडे लागलेले डोळे. या तगमगीला शब्द देताना गाणारीला पंडिती अलंकारांची गरज पडत नाही. ओळी लांब आहेत, त्यांना यमक आहे, आणि त्या वाचण्यासाठी नसून म्हणण्यासाठी आहेत, हे कोणत्याही पानावर ध्यानात येते. माझ्यापुरते सांगावयाचे तर मला पूर्वार्धच अधिक जवळचा वाटतो. उत्तरार्धात बांधणी नीट आहे. पण पूर्वार्धात मंडपातील आवाज ऐकू येतो.

महदाइसेची दुसरी एक रचना 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' या नावाने प्रसिद्ध आहे. मातृका म्हणजे वर्णमाला. एकेका वर्णाने ओवीचा आरंभ करावयाचा आणि कथा पुढे न्यावयाची, अशी तिची रचना. ज्या स्त्रीला कोणी पाठशाळेत घातले नव्हते, तिने म्हातारपणी सारी वर्णमाला ओळीने मांडून तीत आपल्या आवडीची कथा ओवली! जपानमध्येही त्यांच्या लिपीतील प्रत्येक अक्षर एकदाच योजून केलेली एक जुनी कविता आहे, आणि मुले पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून अक्षरे शिकली. आपल्याकडे कोणा मुलाने महदाइसेच्या ओव्यांवरून मुळाक्षरे गिरविल्याचे ऐकिवात नाही. याखेरीज 'गर्भकांड ओव्या' ही रचनाही तिच्या नावावर आहे.

महदाइसेनंतर पाच-सहा वर्षांतच रुक्मिणीच्या या कथेवर नरेंद्र कवीने काव्य रचले. त्याची हकीगत मोठी बोधक आहे. नरेंद्र हा देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या दरबारातील. त्याचे काव्य ऐकून राजा इतका भुलला की, प्रत्येक ओवीस सुवर्णनाणे देतो, पण काव्यावर माझे नाव घाल, असे त्याने सुचविले, अशी पंथाची परंपरा सांगते. कवीने ते मानले नाही. तो दरबार सोडून महानुभावांकडे आला. म्हणजे आपल्याकडेही राजदरबार होता, सुवर्ण होते, रसिक राजाही होता. तरीही त्या काळचे उत्तम मराठी काव्य फुलले ते जुन्या चिंध्या पांघरून भिक्षा मागणाऱ्यांच्या मठात. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५७१ मध्ये, एकनाथांनी काशीक्षेत्री आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. उपवर मुलींकडून त्या ग्रंथाचे पारायण करवून घेण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. पोथी उघडून बसणाऱ्या त्या मुलींना हीच कथा मराठीत सर्वांआधी एका बालविधवेने गायिली आहे, हे कोणी सांगत नाही.

सांगणार तरी कसे? ते गाणे कुलुपात होते. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या स्वाऱ्यांनी यादवांचे राज्य मोडले. त्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत लुटीत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. त्या कामी हिराइसा नावाच्या स्त्रीची स्मरणशक्ती फार उपयोगी पडली, हेही नमूद केले पाहिजे. मग पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. 'सकळ लिपी' ही त्यांतील मुख्य, आणि तिची योजना रवळोबास यांनी केली असे सांगतात. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते, त्यामुळे पोथी हाती पडली तरी परक्यास अर्थ लागत नाही. 'सुंदरी', 'वज्र', 'अंक' अशा आणखीही लिप्या होत्या. पवित्र ग्रंथांची विटंबना होऊ नये, हा हेतू सद्‌हेतूच होता. पण परिणाम असा झाला की, म्हाताऱ्या वंचित होऊ नयेत म्हणून जे वाङ्मय मराठीत राहिले, ते पुढे साऱ्या मराठी समाजालाच वाचता येईनासे झाले. उलट बाहेर पंथाविषयी गैरसमज वाढत गेले.

हे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला, आणि वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयास स्थान दिले. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा संशोधकांनी जन्मभर पोथ्या ताडून पाहिल्या. काही महंतांनीही मोठ्या मनाने आपल्या पेट्या उघडल्या, त्यांचे ऋण वेगळेच. म्हणजे आपली आद्य कवयित्री आपणास जेमतेम शंभर वर्षांपूर्वी भेटली.

हे सदर दिल्लीतून लिहिले जाते, आणि दिल्लीच्या ज्या नैर्ऋत्य उपनगरात लिहिले जाते त्याचे नाव द्वारका. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेल्या या वस्तीत रस्त्यांपेक्षा सेक्टरांचे आकडेच तोंडी असतात, आणि रुक्मिणीचा निरोप्या इथे आला असता तर सेक्टर आणि सोसायटीचे नाव ठाऊक नसल्यामुळे फाटकावरच अडला असता. असो. महदाइसेच्या द्वारकेस मात्र दुहेरी महत्त्व होते. महानुभाव ज्या पाच कृष्णांस मानतात, त्यांतील चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ हे मूळचे फलटणचे, पण सौराष्ट्रातील द्वारकेस जाऊन राहिले. हाती खराटा आणि सूप घेऊन ते त्या नगरीचे रस्ते झाडीत. गोविंदप्रभूंना ज्ञान लाभले ते तेथे, त्यांच्याकडून. तेव्हा रिद्धपूरच्या मंडपात 'द्वारका' हा शब्द उच्चारला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याच्या नगरीबरोबर ते झाडलेले रस्तेही आले असतील.

दिल्लीकरांस आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. महानुभाव पंथ महाराष्ट्रातून उत्तरेस गेला आणि पंजाबात 'जयकृष्णी' या नावाने रुजला. त्याचे मठ पेशावर-काबूलपर्यंत होते. १९४७ च्या फाळणीनंतर तिकडील पुष्कळ भाविक कुटुंबे दिल्ली, पंजाब, हरियाणा येथे येऊन स्थिरावली. घरात पंजाबी बोलणाऱ्या या लोकांची धर्मभाषा आहे मराठी, आणि तीही यादवकालीन! त्यांच्या सत्संगात आपणासारख्या मराठी माणसालाही अडखळायला लावणारे जुने मराठी शब्द सहज उच्चारले जातात. पुण्या-मुंबईची मुले जी भाषा परीक्षेपुरती वाचतात, ती पंजाबी आजी श्रद्धेने म्हणते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा यादवकाळातील या वाङ्मयाचा आधार किती मोलाचा आहे याची चर्चा झाली. त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कामही सुरू झाले. जिथे आचार्यांनी म्हाताऱ्यांची भाषा सोडली नाही, तिथेच ते आहे, हे फार चांगले झाले.

धवळे मात्र कधी पूर्णतः मुके झाले नव्हते. ठाणे-रायगडकडील आगरी समाजात लग्नविधीचे एकेक पाऊल पडत असता गाणी म्हणणाऱ्या स्त्रीस 'धवलारीण' म्हणतात. पालघरकडील वारली समाजात लग्न लावणारी 'धवलेरी' असते; तिथे पौरोहित्यच बाईकडे आहे. या स्त्रियांच्या गाण्यांत महदाइसेचे शब्द असतील, असे नव्हे. त्यांची गाणी त्यांच्या डोंगराची, खाडीची आणि भाताची आहेत. पण नाव तेच आहे, प्रसंग तोच आहे आणि गाणाऱ्या स्त्रियाच आहेत. चालुक्य राजा सोमेश्वराने ११२९ मध्ये 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद केली. ज्या ओव्या त्याच्या कानांवर आल्या, त्यांतील एकही त्याने उतरून घेतली नाही. गाणारीचे नाव विचारण्याचे तर त्याला सुचलेही नसेल.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी हळदीची, घाण्याची, मांडवाची किंवा विहिणींची गाणी म्हणणारी कोणी ना कोणी आजी, आत्या, मावशी अजून असेल. आपल्या शेजारच्या पंजाबी घरात मुलीच्या लग्नातील 'सुहाग' आणि मुलाच्या लग्नातील 'घोडी' म्हणणाऱ्या बिबी असतील. येत्या लग्नसराईत ध्वनिमुद्रित संगीताचा आवाज थोडा कमी करून त्यांना दोन गाणी म्हणू द्यावीत, आणि मंडपात कोण सुवासिनी व कोण नाही हे त्या वेळी मोजू नये. घरातील लिहित्या मुलाने वही घेऊन शेजारी बसावे. शब्द जसे उच्चारले जातील तसेच लिहावेत, शुद्ध करू नयेत. वगळलेल्या कडव्याची जागा मोकळी सोडावी, ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आठवते. वहीच्या शेवटी गाव, साल आणि गाणे कोणाकडून शिकले ते लिहावे. आणि गाणारीचे नाव लिहिताना 'अमक्याची आई' असे न लिहिता तिला विचारून तिचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे पुरती लिहावीत.